ऑक्सिजन ९७, तरी पेशंट जागा होईना: वजनदार माणसाचा श्वास आणि नळीतले वायू

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो आणि जिथे मागून प्रेशर कुकरची शिट्टी आली, ते गाळलंय. बाकी बोललो तसंच आहे.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. नांदेडहून मेसेज होता. आईचं वजन ११० किलोच्या पुढे, दोनदा आयसीयूत जाऊन आली, दर वेळी श्वासाचाच त्रास. कुणीतरी सांगितलं की "नायट्रिक ऑक्साइड नावाचा गॅस असतो, तो हुंगवला की फुप्फुस खुलतं, हैदराबादला मिळतो." तर तो गॅस खरंच असतो का, आणि आईला तिकडे न्यावं का?

गॅस खरंच असतो, आणि कामाचाही आहे. पण त्याच्याकडे जायचा रस्ता साध्या ऑक्सिजनवरून जातो, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो त्या ऑक्सिजनमध्येच. म्हणून आधी तिथे थांबू. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आमच्या घरात हे घडून गेलंय, त्यामुळे विषय वाचून काढावा लागला.

माझी आत्या अहमदपूरला असते. उंची जेमतेम पाच फूट, वजन ९८ किलो. म्हणजे बीएमआय ४२ च्या आसपास. दुपारी टीव्ही बघताबघता डोळा लागायचा, रात्री घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू जायचं, पायाला सूज. घरात सगळे म्हणायचे, वय झालं, वजन आहे, चालायचंच. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आतेभावाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतला होता. तुम्हाला आठवत असेल तो एप्रिल. कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले होते, ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळली आणि व्हेंटिलेटरवरची माणसं गेली, तोही त्याच आठवड्यात. त्या दिवसांनी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली: ऑक्सिजन म्हणजे जीव, जितका जास्त तितका बरा.

तर आत्याला सर्दी-खोकला झाला, बोटाला लावायच्या मशीनवर ८४ दिसलं. भावाने कोपऱ्यातला कॉन्सन्ट्रेटर पुसून चालू केला आणि काटा थेट ५ लिटरवर नेला. अर्ध्या तासात ९७. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन: "आई सारखी झोपायलीय. उठवलं की काहीतरी असंबद्ध बोलते अन् परत झोपते. पण ऑक्सिजन तर चांगलाय की!"

लातूरला नेल्यावर मनगटाच्या धमनीतून रक्त काढून एबीजी केली. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३५ ते ४५ मध्ये हवा, तिचा ८८ होता. झोप म्हणत होतो ती झोप नव्हती. त्या वायूची गुंगी होती.

आता हे का होतं ते बघू. माझ्यासारख्या माणसाला हा भाग सगळ्यात भारी वाटला.

श्वासाची कामं दोन आहेत: ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. आपण मोजतो फक्त पहिलं. बोटाची मशीन लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय एवढंच सांगते. कार्बन डायऑक्साइड तिला दिसतच नाही. आमच्या कामात असं होतं की डॅशबोर्डवर एकच आकडा लावलेला असतो, तो हिरवा असतो, आणि सर्व्हर मात्र दुसऱ्याच कारणाने गळपटत असतो. तसंच हे.

दुसरी गोष्ट, ऑक्सिजन आत घ्यायला हवा फार हलावी लागत नाही. आत येणारी हवा ऑक्सिजनने गच्च भरलेली असली की थोड्या हवेवरही भागतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला मात्र हवा प्रत्यक्ष आतबाहेर झाली पाहिजे. तिथे शॉर्टकट नाही. कॉन्सन्ट्रेटर हवा हलवत नाही, फक्त हवेची प्रत बदलतो. आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मशीनच्या आत झिओलाइट नावाचे खडे असतात, ते दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन पुढे सोडतात. (भागात मी तो फुस्स-खट्, फुस्स-खट् आवाज ऐकवला होता. खडे भरायचे आणि रिकामे व्हायचे, त्याचा आवाज आहे तो.)

पण नुसतं "हवा हलली नाही" एवढ्याने काम संपत नाही. आत्याची हवा आदल्या दिवशीही कमीच हलत होती, तेव्हा ती बोलत होती. ऑक्सिजन लावल्यावर बिघडलं. का?

फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात, वायुकोश म्हणतात त्यांना. प्रत्येक फुग्याला एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने रक्त. शरीराची व्यवस्था फार हुशार आहे. ज्या फुग्यात हवा नीट येत नाही, तिथला ऑक्सिजन कमी झाला की तिकडची रक्तवाहिनी आपोआप आवळते आणि रक्त चांगल्या फुग्यांकडे वळतं. इंजिनियर मंडळींनी लोड बॅलन्सर समजा. बाकीच्यांनी विष्णुपुरीच्या पाण्याची चारी डोळ्यांसमोर आणा. ज्या रानात पेराच नाही त्याचं दार पाटकरी बंद करतो आणि पाणी उभ्या पिकाला सोडतो.

आता भरमसाट ऑक्सिजन सोडला की काय होतं? अर्धवट मिटलेल्या फुग्यातही ऑक्सिजन भरतो. पाटकऱ्याला वाटतं इथे पीक उभं आहे, तो दार उघडतो. रक्त तिकडे जातं, ऑक्सिजन घेऊन येतं, बोटाची मशीन खूश. पण त्या फुग्यात हवेची ये-जा नसल्यामुळे कार्बन डायऑक्साइड टाकायला जागाच नसते. तो रक्ताबरोबर तसाच परत येतो. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरतं, त्यामुळे रक्तात तो अजून मोकळा सुटतो. आणि ऑक्सिजन कमी असल्यामुळे मेंदू जो थोडाफार जोर लावून श्वास घेत होता, तो जोरही सैल पडतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने.

हे कागदावरचं नाही. २०११ साली 'चेस्ट' या नियतकालिकात एक प्रयोग आला. या आजाराच्या २४ पेशंटना एकदा साधी हवा आणि एकदा १०० टक्के ऑक्सिजन दिला, फक्त २० मिनिटं. ऑक्सिजनवर कार्बन डायऑक्साइड सरासरी ५ ने वाढला, आणि तिघांचा तर १० किंवा त्याहून जास्त वाढल्यामुळे प्रयोग मध्येच थांबवावा लागला. हे पेशंट आयसीयूतले नव्हते बरं का, बाह्यरुग्ण विभागात चालत आलेले होते.

"या आजाराच्या" म्हटलं, पण नाव सांगितलंच नाही. ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम. वजन जास्त, जागेपणीसुद्धा कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, आणि दुसरं काही कारण सापडत नाही. यातल्या दहापैकी नऊ जणांना झोपेत घसा मिटायचा त्रासही असतो, म्हणजे स्लीप ॲप्निया. ॲप्निया हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं ते बप्पी लाहिरींमुळे. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत जुहूच्या रुग्णालयात ते गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितलं होतं. दोन्ही आजार एक नाहीत, पण नातं जवळचं आहे.

पूर्वी याला पिकविकियन सिंड्रोम म्हणायचे. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे, उभ्याउभ्या झोपणारा, त्याच्यावरून. १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ज्या पेशंटवर तो लेख लिहिला, तो ५१ वर्षांचा, २६० पौंडांहून जास्त वजनाचा एक व्यावसायिक होता. पत्ते खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तो डाव लावायच्या आधीच झोपला. मग त्याला पटलं की आता दवाखान्यात जायला पाहिजे. मला ही गोष्ट फार खरी वाटते. आपल्याकडेही माणूस दम लागतो म्हणून जात नाही, काहीतरी नुकसान झालं की जातो.

लठ्ठपणात फुप्फुसाचं नेमकं बिघडतं काय? फुप्फुस स्वतः बऱ्याचदा ठीक असतं, त्याच्यावर ओझं असतं. छातीवर आणि पोटावर चरबी असते, आणि आडवं झालं की पोट पडद्याला वर ढकलतं. मग फुप्फुसाचा खालचा आणि मागचा भाग मिटून जातो. तिथे रक्त पोचतं, हवा पोचत नाही. म्हणून अशा माणसाला उताणं झोपवणं म्हणजे अर्धं फुप्फुस बंद करणं. उशाकडून पलंग उचलून बसतं ठेवलं तरी फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. अजून एक. शुद्ध ऑक्सिजन फुग्यातून रक्तात चटकन शोषला जातो. एरवी फुग्यात नायट्रोजन उरतो आणि त्याला फुगता ठेवतो. तोच काढून टाकला की मिटू घातलेला फुगा पूर्ण मिटतो. म्हणजे इथेही जास्तीचा ऑक्सिजन उलटा पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे. नायट्रिक ऑक्साइड.

एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन, इतका छोटा रेणू. गाडीच्या धुरात असतो, म्हणून बदनाम. पण आपल्या रक्तवाहिन्याच तो तयार करतात आणि सैल व्हायचा निरोप त्यातून देतात, हे ज्यांनी दाखवलं त्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळीही शेवटी हाच वायू सोडते. आणि हसवणारा गॅस वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड. मेडिकलवाल्याकडेही गल्लत होते म्हणून सांगितलं.

तो हुंगवण्यातली युक्ती बघा. हुंगवलेला वायू फक्त तिथेच जातो जिथे हवा जाते. म्हणजे उघड्या फुग्यांजवळच्याच रक्तवाहिन्या तो सैल करतो, आणि रक्त तिकडे वळतं. रक्तात शिरला की हिमोग्लोबिन त्याला काही क्षणांत संपवतं, त्यामुळे बाकी शरीराचा रक्तदाब पडत नाही. पाटकऱ्याच्या भाषेत, जिथे पीक उभं आहे तिथलंच दार अजून मोठं. हेच काम गोळीने का नाही? सिल्डेनाफिल याच वाटेवरचं औषध आहे, पण गोळी रक्तातून सगळीकडे जाते, मिटलेल्या भागाचीही दारं उघडते, आणि ऑक्सिजन उलटा घसरू शकतो. वायू असल्याचाच फायदा आहे.

मात्रा अगदी बारीक असते, दहा लाख भागांत २० भाग वगैरे. जन्मल्यावर फुप्फुसाचा रक्तदाब न उतरलेल्या बाळांसाठी अमेरिकेत १९९९ मध्ये याला मान्यता मिळाली, आणि तिथे तो खरंच उपयोगी आहे. मोठ्या माणसांत चित्र वेगळं निघालं. फुप्फुस गंभीर बिघडलेल्या पेशंटांवरचे अभ्यास २०१६ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात एकत्र मांडले गेले. पहिला दिवसभर ऑक्सिजनचा आकडा सुधारतो, पण जीव वाचण्याचं प्रमाण वाढत नाही, आणि किडनीला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. मी तो आढावा वाचला तेव्हा पहिल्यांदा आत्याचा ९७ आठवला. आकडा सुधारणं आणि पेशंट सुधारणं या दोन गोष्टी आहेत.

मग वजनदार पेशंटला त्याचा उपयोगच नाही? आहे, पण अरुंद जागेत. खूप वर्षं ऑक्सिजन कमी राहिल्याने फुप्फुसातल्या नसांचा दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. पायाची सूज बऱ्याचदा तिथून येते. अशा पेशंटचं उजवं हृदय अचानक बसायला लागलं, किंवा व्हेंटिलेटरवर सगळं करूनही ऑक्सिजन चढेना, तर हा वायू काही तास, एखाद-दोन दिवस वेळ मिळवून देतो. पण आधी फुप्फुस उघडलेलं पाहिजे. निम्मे फुगे मिटलेले असताना तो सोडला तर तो वरच्या थोड्याशा भागातच फिरत बसतो. आणि नीट ऐका, तो कार्बन डायऑक्साइड बाहेर काढत नाही. हवा हलवणं त्याचं कामच नाही. शिवाय तो देताना त्यातून तयार होणाऱ्या विषारी नायट्रोजन डायऑक्साइडवर आणि रक्तातल्या मेथहिमोग्लोबिनवर सतत नजर लागते. अचानक बंद केला तर नसांचा दाब उसळी मारतो, म्हणून थेंबाथेंबाने उतरवावा लागतो. घरी आणायची ही गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने कोरोनासाठी नायट्रिक ऑक्साइडचा नाकातला फवारा आणला होता. तो विषाणूसाठी, नाकापुरता. त्याचा याच्याशी संबंध नाही, दुकानात विचारू नका.

हेलियमबद्दलही एकाने विचारलंय. हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण हलकं असतं, त्यामुळे अरुंद झालेल्या श्वासनळीतून सहज वाहतं. १९३० च्या दशकापासून वापरात आहे. (१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरहून जान्सेनने सूर्याच्या कडेची जी पिवळी रेषा पाहिली, ती पुढे हेलियमची निघाली. विजयदुर्गवाले त्या दिवशी हेलियम दिन साजरा करतात.) पण लठ्ठपणात मुख्य अडचण नळी अरुंद असण्याची नाही, ओझ्याची आहे. आणि मिश्रणात हेलियमला ७० टक्के जागा दिली की ऑक्सिजनला ३० च उरतो. म्हणून इथे त्याला फार काम नाही.

मग काम करतं काय? दाब. फार साधं उत्तर आहे, म्हणूनच बहुतेक कुणाला आवडत नाही. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर उलटी वापरून झोपलेल्या माणसाच्या नाकात दाबाने हवा सोडली, आणि घसा मिटायचा थांबला. ते सीपॅप. त्यात श्वास आत घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब आले की बायपॅप. बायपॅप फुगे उघडे ठेवतं आणि प्रत्येक श्वासाला धक्का देऊन हवा प्रत्यक्ष हलवतं. मास्कमधून साधी हवाच जाते, गरज असेल तर बाजूने थोडा ऑक्सिजन जोडतात. आत्या दोन रात्री बायपॅपवर होती. तिसऱ्या सकाळी तिने चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा आम्ही समजलो.

म्हणजे ऑक्सिजन द्यायचाच नाही का? असं अजिबात ऐकून जाऊ नका. ७० वर गेलेल्या माणसाला ऑक्सिजन न देणं म्हणजे त्याला मारणं. आणि लावलेला ऑक्सिजन घाबरून एकदम काढणंही तितकंच वाईट, कारण साठलेला कार्बन डायऑक्साइड जागीच असतो आणि ऑक्सिजन आधीच्यापेक्षा खाली कोसळतो. द्यायचा, पण मोजून. ब्रिटनच्या थोरॅसिक सोसायटीच्या नियमावलीत अशा पेशंटसाठी लक्ष्य ८८ ते ९२ आहे, ९७ नाही. अर्ध्या-एक लिटरने सुरुवात करून तिथे थांबायचं. नाकातल्या नळीतून २ लिटर म्हणजे साधारण २८ टक्के ऑक्सिजन, एवढा हिशोब लक्षात असला तरी पुरे. ज्याला कोरोनात ९४ च्या खाली गेलं की धावपळ करायची सवय लागलीय, त्या घराला ८९ बघत शांत बसणं फार जड जातं, हे मी बघितलंय.

नांदेडच्या त्या मित्राला मी जे कळवलं ते इथेही देतो. आई बरी असताना, म्हणजे आत्ताच, रक्तातलं बायकार्बोनेट तपासून घ्या. कार्बन डायऑक्साइड महिनोन्महिने साठत असेल तर किडनी तो तोलण्यासाठी बायकार्बोनेट वाढवते. आकडा २७ च्या खाली असेल तर हा आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते, २७ किंवा जास्त असेल तर एबीजी आणि झोपेची तपासणी विचारा. साध्या शिरेतलं रक्त लागतं, डॉक्टर लेनमध्ये कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होईल. सकाळी डोकं दुखतं का, दिवसा बोलताबोलता झोप लागते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते म्हातारपणाच्या खात्यात टाकू नका. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, अशा माणसात ती श्वासच मंद करते. आपल्या लोकांत हा त्रास पाश्चात्त्यांपेक्षा कमी बीएमआयलाही दिसतो, त्यामुळे "एवढं कुठं वजन आहे" हे उत्तर चालणार नाही.

आणि हैदराबाद. वजन कमी करायची शस्त्रक्रिया, झोपेची पूर्ण तपासणी, उजव्या हृदयाची तपासणी यासाठी जायचं असेल तर जरूर जा. वजन भरपूर उतरलं तर हा आजार मागे हटतो, ते सगळ्यात टिकाऊ उत्तर आहे. फक्त त्या गॅससाठी जाऊ नका. नांदेडहून हैदराबाद म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आजारी अवस्थेत निघायची वेळ आलीच, तर ॲम्ब्युलन्समध्ये बायपॅप आहे का हे निघण्याआधी विचारा, आईला बसतं ठेवा, आणि रेफरच्या कागदावर डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या: ऑक्सिजन ८८ ते ९२. ॲम्ब्युलन्समधला पोरगा चांगल्या मनानेच मास्क फुल करणार आहे, त्याला तो कागद दाखवा.